इरावती नावाची नदी आणि इरावती नावाच्या बाई

सेकंड इयरचा आमचा सर्व्हे कॅम्प मेहरूण तलावावर होता. बाकीची मुलं बसनं यायची, मी मेहरूणचाच असल्यामुळे डबा घेऊन चालत पोहोचायचो. चार दिवस थिओडोलाइट, रेंजिंग रॉड आणि टेप घेऊन आम्ही काठाकाठानं फिरलो. बोरीच्या काट्यांनी दोघांच्या पँटी फाटल्या. पाचव्या दिवशी ट्रॅव्हर्स काही बंद होईना. क्लोजिंग एरर इतकी मोठी, की बाउडिचचा नियम लावायलासुद्धा लाज वाटावी. खरं तर परत जाऊन मोजायला हवं होतं. आम्ही जे सगळे करतात तेच केलं. रात्री बसून रीडिंग्ज कुक केल्या, सकाळी शीट सबमिट केली आणि मार्क घेऊन मोकळे झालो.

हे आधीच कबूल करून टाकतो, कारण ज्या बाईंबद्दल मी लिहिणार आहे त्यांच्यावरही अशी एक वेळ आली होती. फरक एवढाच, की त्यांचा गाइड जगप्रसिद्ध होता, देश परका होता, आणि तरी त्यांनी रीडिंग्ज कुक केल्या नाहीत.

इरावती कर्वे हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलं असतं ते युगान्तमुळे. महाभारतावरचं पुस्तक, साहित्य अकादमीचा पुरस्कार, बस्स. मीही तेवढंच ऐकलं होतं. मुळात त्या माणसं मोजणाऱ्या शास्त्रज्ञ होत्या हे मला उशिरा कळलं. आणि आपल्या खानदेशातल्या भिल्लांची त्यांनी रीतसर पाहणी केली होती, हे तर त्याहून उशिरा. शाळेत भूगोल म्हटलं की आशिया खंड, पर्वतरांगा, नद्या, मुख्य पिकं आणि नकाशा भरा. त्या नकाशात माणसं कुठं बसतात हे कुणी शिकवलं नाही. इरावतीबाईंनी आयुष्यभर तेच काम केलं.

त्यांचा जन्म १५ डिसेंबर १९०५ चा, तोही ब्रह्मदेशात, म्यिंज्यान नावाच्या गावी. वडील गणेश हरी करमरकर तिथं कापसाच्या कंपनीत नोकरीला होते. ब्रह्मदेश म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर भात आणि सागाची जंगलं येतात. पण त्या देशाच्या पोटात एक कोरडा पट्टा आहे. समुद्रावरून येणारे पावसाळी ढग आराकानच्या डोंगरांना अडतात आणि पलीकडं पाऊस बेताचाच पोचतो. आपल्याकडं सह्याद्री करतो तसंच. म्हणून तिथं तीळ आणि कापूस. जळगावच्या पोराला हे वाचून एकदम घरी आल्यासारखं वाटलं! त्या कोरड्या पट्ट्यातून दोन हजार किलोमीटरहून लांब अशी इरावती नदी वाहते. तिच्या काठी मुलगी झाली म्हणून नाव इरावती. भावांमध्ये ही एकटीच बहीण.

सातव्या वर्षी तिला पुण्याला हुजूरपागेच्या वसतिगृहात पाठवलं. सात वर्षांची पोर, आईबाप समुद्रापलीकडं. पुढं शकुंतला परांजपे ही मैत्रीण मिळाली आणि तिच्यामुळे रँग्लर परांजप्यांचं घर मिळालं. फर्ग्युसन कॉलेजच्या प्राचार्यांचं घर, पुस्तकांनी भरलेलं, जिथं मुलींनाही वाद घालायची मुभा. तेच त्यांचं दुसरं माहेर झालं. १९२६ साली फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन पदवी, मग मुंबई विद्यापीठात डॉ. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र, १९२८ साली एम.ए. प्रबंधाचा विषय स्वतःचीच जात, चित्पावन. मला हे आवडलं. पट्टी लावायची तर आधी स्वतःला.

याच सुमारास दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी लग्न झालं. दिनकरराव रसायनशास्त्राचे प्राध्यापक, महर्षी कर्व्यांचे चिरंजीव. बायकोनं जर्मनीला जाऊन डॉक्टरेट करावी असं दिनकररावांनी ठरवलं. आता गंमत बघा. ज्या महर्षींनी १९१६ साली स्त्रियांसाठी विद्यापीठ काढलं, त्यांना सुनेनं परदेशी जाणं पसंत नव्हतं. मोठ्या माणसांच्या चरित्रात अशा गोष्टी गाळायची आपल्याकडं पद्धत आहे, पण मला वाटतं त्या ठेवाव्यात. दिनकररावांनी ऐकलं नाही. पैशाची सोय डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेऊन झाली (हेच मेहता पुढे १९६० मध्ये गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले) आणि १९२८ च्या नोव्हेंबरमध्ये इरावतीबाई बर्लिनला निघाल्या.

तिथं त्यांना गाइड मिळाले ऑयगेन फिशर. कैसर विल्हेल्म इन्स्टिट्यूटचे संचालक, मानववंशशास्त्रातलं त्या काळातलं बडं नाव. याच माणसाच्या वंशाच्या सिद्धांतांचा आधार पुढे नाझींनी घेतला. फिशरसाहेबांचं म्हणणं असं, की गोऱ्या युरोपीय माणसाचा मेंदू दोन्ही बाजूंना सारखा वाढत नाही, एक बाजू जास्त विकसित असते, म्हणून त्याची बुद्धी श्रेष्ठ. आणि मेंदू असमान तर कवटीही असमान असणार. इतर वंशांच्या कवट्यांत ही असमानता तेवढी दिसू नये. हे सिद्ध करायचं काम त्यांनी या हिंदुस्थानी विद्यार्थिनीला दिलं.

संस्थेत कवट्यांचा साठा होता. त्यांतल्या बऱ्याच आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतींतून आणलेल्या. त्या कुणाच्या होत्या, कशा आणल्या, हे त्या कपाटावर लिहिलेलं नसणार. तेवीस-चोवीस वर्षांच्या इरावतीबाई कॅलिपर घेऊन बसल्या आणि दीडशेच्या आसपास कवट्या मोजल्या. डावी बाजू, उजवी बाजू, युरोपीय, आफ्रिकी. असमानता सापडली. पण ती सगळ्यांतच सापडली. वंशाचा आणि तिचा काही संबंध लागेना.

इथं क्षणभर थांबून विचार करा. गाइडला काय उत्तर हवंय हे माहीत आहे. आकडे दुसरंच सांगतायत. परक्या देशात कर्जाच्या पैशावर राहतोय, घरी सासऱ्यांचा विरोध पत्करून आलोय. दोन-चार मापं इकडची तिकडं केली असती तर कोण बघायला येणार होतं? आमच्या शीटवर तरी कोण आलं होतं! पण बाईंनी जे निघालं तेच लिहिलं. वंश आणि कवटीची असमानता यांचा संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष देऊन १९३० साली डॉक्टरेट घेतली. गुण म्हणे अगदी काठावरचे मिळाले. २०२४ साली त्यांच्यावर इरू नावाचं इंग्रजी चरित्र प्रसिद्ध झालं. ते त्यांची नात ऊर्मिला देशपांडे आणि थियागो पिंटो बार्बोसा यांनी मिळून लिहिलंय. तेव्हापासून या प्रबंधाची जरा चर्चा व्हायला लागली.

परत आल्यावर काही वर्षं मुंबईत महिला विद्यापीठाच्या रजिस्ट्रार म्हणून काम केलं. मन फायलींत रमलं नाही हे उघड आहे, कारण १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात समाजशास्त्राच्या रीडर झाल्या त्या अखेरपर्यंत तिथंच राहिल्या. डॉ. सांकलियांबरोबर उत्तर गुजरातेत लांघणजला अश्मयुगीन सांगाडे उकरले. पुण्याच्या रस्त्यावर स्कूटर चालवणारी बाई म्हणून लोक वळून बघायचे ही गोष्ट सगळीकडं छापून येते, म्हणून मी लांबवत नाही.

खरं काम फिरण्याचं होतं. एसटी, रेल्वे, बैलगाडी, पायी. बरोबर विद्यार्थी, मोजमापाची हत्यारं आणि वह्या. महाराष्ट्र, कर्नाटक, ओरिसा असं करत त्यांनी माणसांची उंची, डोकं, नाक मोजलं. आज हे मोजणं कालबाह्य झालंय. नाकाच्या लांबीवरून माणसाबद्दल काही कळत नाही असं जेनेटिक्स सांगतं, आणि बर्लिनला ज्या बाईंनी वंशाची थिअरी पाडली त्यांनीच तीच हत्यारं पुढे इतकी वर्षं का वापरली असा प्रश्न अभ्यासक विचारतात. बरोबरच विचारतात. पण मला वाटतं बाईंना डोक्याच्या मापापेक्षा दुसरंच काहीतरी जास्त भावलं, आणि ते म्हणजे नाती.

१९५३ साली त्यांचं भारतातल्या नातेसंबंधांवरचं इंग्रजी पुस्तक आलं. त्यात त्यांनी देशाचे चार पट्टे पाडले. उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व. नद्या-डोंगरांवरून नव्हे, तर कोण कोणाशी लग्न करतं आणि कोणाला काय हाक मारतं यावरून, भाषेची जोड घेऊन. उत्तरेत मुलगी लांब द्यायची, नात्यात द्यायची नाही, गावात तर नाहीच. तिथं सून परक्या घरी परकी म्हणून जाते. दक्षिणेत उलट. मामा-भाचीचं लग्न, मामेभावंडं-आतेभावंडांचं लग्न, म्हणजे सासू ही आधीपासून ओळखीची आत्याच असते. आणि मधल्या पट्ट्यात महाराष्ट्र. इथं बऱ्याच जातींत मामाची मुलगी केलेली चालते, आत्याची मात्र सहसा चालत नाही. म्हणजे उत्तर आणि दक्षिण यांची गाठ कुठं पडते, तर आपल्या लग्नाच्या याद्यांमध्ये!

हे वाचल्यावर मी आमच्याच गल्लीकडं नव्यानं बघायला लागलो. नकाशावर खानदेश म्हणजे काय? उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, मध्ये काळ्या मातीचा खोलगट पट्टा आणि त्यातून उलट्या दिशेनं, पश्चिमेकडं वाहणारी तापी. बऱ्हाणपूरच्या बाजूनं उत्तरेतून यायला मोकळी वाट. त्या वाटेनं सैन्यं आली, व्यापारी आले, गुजर आले, बंजारे आले. आधीपासून भिल्ल होतेच. म्हणून जळगावच्या बाजारात एका तासात अहिराणी, लेवा गणबोली, तडवी, पावरी, गुजरी, हिंदी आणि आमचं कॉलेजचं मराठी एवढं सगळं कानावर पडतं. एखादी गोधडी असावी तसं. तुकडे वेगवेगळ्या लुगड्यांचे, पण अंगावर घेताना एकच. जात म्हणजे एका मोठ्या गोष्टीची झालेली फाळणी नसून वेगवेगळे गट शेजारी येऊन बसलेत, असं इरावतीबाईंचंही म्हणणं होतं. एकाच धंद्याच्या, एकाच नावाच्या जाती मुळात वेगवेगळ्या असू शकतात हे त्यांनी मोजून दाखवायचा प्रयत्न केला.

पश्चिम खानदेशातल्या भिल्लांची सामाजिक आणि आर्थिक पाहणी त्यांनी केली ती याच काळात. पश्चिम खानदेश म्हणजे आजचे धुळे आणि नंदुरबार हे दोन जिल्हे (नंदुरबार वेगळा झाला १ जुलै १९९८ ला). वर अस्तंभा १३२५ मीटरचा, खाली शहादा-तळोद्याचा सपाट सुपीक मुलूख. डोंगर आणि सपाटी यांतलं अंतर एसटीनं दोन तासांचं. पण वर ज्वारी-मक्याची उतारावरची शेती, आणि खाली दुसऱ्याच्या शेतावर वर्षभराचा करार करून राबणारा सालदार. भूगोल माणसाला कुठं ढकलतो आणि माणूस माणसाला कुठं ढकलतो, हे या दोन तासांत दिसतं. बाई गेल्यानंतर दोनच वर्षांनी, १९७२ साली, त्याच शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग महाराजांचं नाव आमच्याकडं अजून घेतात.

पंढरीच्या वारीलाही त्या चालत गेल्या होत्या, दिंडीत. एकाच दिंडीतली माणसं दिवसभर एका सुरात अभंग म्हणतात आणि जेवायच्या वेळी जातवार वेगळ्या पंगतीत बसतात, हे त्यांना खटकलं आणि त्यांनी तसं लिहिलं. तरीही महाराष्ट्राची सीमा त्यांना त्याच वाटेवर सापडली. जिथली माणसं पंढरपूरला जातात तो महाराष्ट्र, अशी त्यांची व्याख्या होती. आपल्या कोथळी-मुक्ताईनगरहून मुक्ताबाईंची पालखी इतक्या लांबून निघते, तेव्हा या व्याख्येत आपण पक्के बसतो.

युगान्त १९६७ चं. पांडवांकडं, कुंतीकडं, गांधारीकडं त्यांनी देवत्वाचा शेंदूर खरवडून पाहिलं. ते कसं जमलं असेल हे आता कळतं. नात्यांचा अभ्यास करताना महाभारतातल्या हाका, लग्नं आणि वाटण्या त्यांनी आधीच टिपून ठेवल्या होत्या.

आता मुद्द्याची गोष्ट. आम्हा सिव्हिलवाल्यांना कोयना दोनदा भेटते. एकदा धरणांच्या पेपरात, रबल काँक्रीट, उंची १०३ मीटर. दुसऱ्यांदा भूकंपाच्या चॅप्टरमध्ये, ११ डिसेंबर १९६७, जलाशय आणि भूकंप यांचा संबंध. तिसरी कोयना सिलॅबसमध्ये नाही. ती इरावतीबाईंनी आणि त्यांची कन्या जाई निंबकर यांनी लिहिली. धरणानं उठवलेल्या माणसांची पाहणी, १९६९ साली डेक्कन कॉलेजनं प्रसिद्ध केलेली. महाराष्ट्राचा पहिला पुनर्वसन कायदा १९७६ साली आला, म्हणजे त्यानंतर सात वर्षांनी. कोयनेच्या खोऱ्यातली माणसं पार सांगली, सोलापूर, ठाणे, कुलाबा जिल्ह्यांपर्यंत विखुरली गेली. धो धो पावसात नाचणी करणाऱ्याला कोरड्या माळावर नेऊन बसवलं तर जमिनीचं क्षेत्रफळ जुळतं, शेती जुळत नाही. आणि नाती? ज्या बाईंनी वीस वर्षं कोण कोणाचा मामा हे वहीत लिहिलं, त्यांना गाव म्हणजे घरांची संख्या नव्हे हे कुणी सांगावं लागलं नसणार.

हे माझ्या एवढं का मनाला लागलं ते सांगतो. आम्ही मूळचे मेहरूणचे नाही. आजीचं गाव तापीकाठी होतं, ते एका धरणात गेलं. मोबदला आला. तो थोडा घरात, थोडा आत्याच्या लग्नात गेला, आणि आजोबा कामाच्या शोधात मेहरूणला आले. घरात याचं कुणी दुःख करत बसत नाही. उलट मी धरणं बांधणार म्हणून आजीला कौतुकच आहे. आणि मला खरंच बांधायची आहेत. पाणी नसलं तर खानदेशात केळी राहणार नाही, कापूस राहणार नाही, हे मलाही कळतं. पण धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या जमिनीची कंटूर आम्ही काढतो तेव्हा त्या रेषेच्या आत कोण राहतं याचा कॉलम आमच्या फील्ड बुकात नसतो.

इरावतीबाई ११ ऑगस्ट १९७० ला पुण्यात गेल्या, पासष्टी गाठायच्या आतच. अहवाल छापून जेमतेम वर्ष झालं होतं. गंगाजल हा त्यांचा लेखसंग्रह नंतर, १९७२ मध्ये आला. तापीवरचं उकाई धरण पुरं झालं तेही त्याच वर्षी. त्याचं पाणी नंदुरबारकडच्या गावांत शिरलं. मग सरदार सरोवरात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं. त्यांतल्या किती जणांची पूर्वीची नोंद बाईंच्या वह्यांमध्ये असेल, असं उगीच मनात येतं.

परवा एका रविवारी एक जुनी ड्रॉइंग शीट उलटी करून आजीसमोर पसरली आणि तिला तिचं गाव काढून द्यायला सांगितलं. तिनं आधी हात झटकले, तिला पेन्सील धरता येत नाही म्हणाली. मग सांगायला लागली आणि मी काढत गेलो. नदी तिनं सगळ्यात शेवटी सांगितली. आधी तिची विहीर, मग विहिरीच्या अंगाला नणंदेचं घर, त्याला लागून मामेसासऱ्यांचं, मागं सुताराचं, त्या सुताराची लेक कुठं दिली, तिच्या सासरचे कोण. उत्तर दिशा कुठली हे तिला काही सांगता आलं नाही. स्केल टाकता येईना. शीट दोनदा पुरली नाही, चिकटपट्टीनं तुकडे जोडावे लागले. अडतीस घरं झाली, तेव्हा ती म्हणाली की अजून खालची आळी राहिलीच आहे, आणि चहा ठेवायला उठली.